आखणी शेवटच्या गल्लीपासून: शहरी वस्तीत सगळ्यांना इंटरनेट कसं पोचवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव शहरातल्या एका प्रभागात मुख्य रस्त्याला लागून अपार्टमेंट आणि बंगले आहेत, तिथे तीन-तीन कंपन्यांची फायबर आहे. मागे नाल्याच्या काठाने पत्र्याच्या आणि अर्धवट पक्क्या घरांची वस्ती, साधारण 220 घरं. तिथे एकही नेटवाला यायला तयार नाही. बचत गट आणि तरुण मंडळ मिळून काही करू पाहताहेत. चौकात मोफत वायफाय लावून देण्याची तयारी नगरसेवकांनी दाखवली आहे. ते घेतलं तर सगळ्यांना नेट मिळेल का, आणि नसेल तर काय करावं?

चौकातलं वायफाय मिळतंय तर जरूर घ्या, पण तेवढ्याने घराघरात नेट येणार नाही. खांबावरच्या वायफायचा टापू मोकळ्या जागेत 50 ते 70 मीटर असतो. दाटीच्या गल्लीत तो 25-30 मीटरवर येतो, आणि पत्र्याच्या भिंतीआड तर सिग्नल जवळजवळ जातच नाही. लोखंडी पत्रा रेडिओलहरी परतवतो, पॉवर वाढवून त्यावर इलाज होत नाही. मग नेट मिळतं कुणाला? रात्री नऊला चौकात उभं राहू शकणाऱ्या पोरांना. घरातल्या बाईला, बारावीच्या मुलीला, म्हाताऱ्याला त्याचा उपयोग नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष देशात 57.1 टक्के निघाले, स्त्रिया 33.3 टक्के. चौकातल्या वायफायने ही दरी भरत नाही, उलट वाढते.

म्हणून माझं सांगणं एकच: ज्या घराला नेटवाला सगळ्यात आधी नाही म्हणेल, त्या घरापासून नकाशा काढायला घ्या. बाकी सगळं त्यावरून ठरवा. पुढच्या बाजूने सुरुवात केली की पैसे, पोर्ट आणि उत्साह तिन्ही वाटेतच संपतात.

आधी पाहणी. नाल्याकाठच्या शेवटच्या घराला क्रमांक 1 द्या आणि तिथून रस्त्याकडे या. पाहणी करायला बचत गटातल्या बायका असाव्यात आणि वेळ दुपारची असावी, म्हणजे घरातल्या बाईशी बोलणं होतं. विचारायचं ते हे: घरात फोन किती, दिवसा फोन कुणाच्या हातात असतो, सगळ्या फोनचं मिळून रिचार्ज किती, घर स्वतःचं की भाड्याचं, लाईटचं मीटर स्वतःचं की शेजाऱ्याकडून वायर, मजुरी रोज मिळते, आठवड्याने की महिन्याने, शिकणारी मुलं किती. रिचार्जची बेरीज नीट घ्या. 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज, 12 नव्हे. तीन स्मार्टफोन असलेल्या घराची बेरीज पुष्कळदा फायबरच्या बिलाच्या वर जाते. हा आकडा पुढे नेटवाल्यासमोर बसताना तुमच्या कामाचा आहे, कारण ‘तिथले लोक पैसे भरत नाहीत’ या बोलण्याला तो पुराव्यानिशी उत्तर देतो. फक्त फायबर आल्यावर रिचार्ज शून्य होईल असं गृहीत धरू नका. ओटीपी आणि कॉलसाठी लहान पॅक लागतोच.

त्याच पाहणीत आजचा वेगही मोजा. ट्रायचं, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड ॲप त्यासाठी पुरेसं आहे. तीन रात्री, नऊच्या सुमारास, वस्तीतल्या पाच ठिकाणी, घराच्या आत दार लावून मोजा. अंगणात मोजलेला वेग दिशाभूल करतो. डाउनलोडसोबत अपलोडही लिहा: महाडीबीटीवर दाखले चढवताना किंवा व्हिडिओ कॉलवर मुलाखत देताना अडतं ते अपलोडवर. 2023 पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान 2 एमबीपीएस लागतो. बंद दाराआड रात्री तेवढाही मिळत नसेल, तर मोबाईल टॉवर आहे म्हणून या वस्तीत नेट आहे, असं कुणालाही म्हणता येणार नाही.

आता नेटवाला का येत नाही ते समजून घ्या. एका अपार्टमेंटमध्ये एका डक्टमधून वीस घरं जोडली जातात. वस्तीत तेवढ्याच घरांसाठी चार वळणं, दहा खांब आणि वीस जणांची परवानगी लागते. त्याचा खर्च खरोखर जास्त आहे, आणि तो कमी करणं तुमच्या हातात आहे. घरांची यादी, केबल कुठून न्यायची याची कच्ची आखणी, भिंतीला ब्रॅकेट ठोकू देणाऱ्यांची संमतीपत्रं आणि किमान 80 घरांची तयारी, एवढं हातात घेऊन गेलात तर बोलणी वेगळी होतात. स्वतः एक मोठं कनेक्शन घेऊन घरोघरी विकायचा मोह मात्र टाळा. परवान्याशिवाय इंटरनेट पुन्हा विकणं बेकायदा आहे, आणि गुन्हा घडला तर आयपी पत्ता तुमच्या नावावर निघतो. परवानाधारक कंपनी किंवा तिचा स्थानिक भागीदार, म्हणजे बहुधा तुमचा केबलवालाच, जाळं टाकेल. गटाने मागणी गोळा करायची, जागा ठरवायच्या, वसुलीला हात लावायचा आणि करार पाळला जातो की नाही ते बघायचं.

तांत्रिक आखणी तुम्हाला स्वतः करायची नसली तरी वाचता आली पाहिजे. फायबरचा एक पोर्ट साधारण 2.5 गिगाबिट डाउनलोड आणि 1.25 गिगाबिट अपलोड देतो, आणि तो स्प्लिटरने, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक फायबरांत वाटणाऱ्या भागाने, 32 घरांत वाटतात. वस्तीच्या तोंडाशी 1:4 चा स्प्लिटर आणि गल्लीत 1:8 ची पेटी, अशी दोन टप्प्यांची रचना इथे बरी. 220 घरांना आठ-आठ घरांच्या 28 पेट्या लागतात, म्हणजे सात पोर्ट. ओएलटी, म्हणजे ज्यातून हे सगळे पोर्ट निघतात ते कंपनीचं मुख्य यंत्र, आठ पोर्टचं येतं. आठवा पोर्ट अंगणवाडी, अभ्यासिका, समाजमंदिर आणि पुढे वाढणाऱ्या घरांसाठी राखून ठेवा आणि तसं करारात लिहून घ्या, नाहीतर तो पुढच्या रस्त्यावरच्या नव्या स्कीमला जाईल.

वस्तीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो पेट्यांच्या जागेवरून. ठेकेदार पहिली पेटी वस्तीच्या तोंडाशी लावतो, पहिल्या शंभर मीटरमधली घरं तिच्यावर भरतात, आणि आतल्याला उत्तर मिळतं, ‘पोर्ट फुल आहे’. किंवा तोंडावरच्या पेटीतून दीडशे मीटरची ड्रॉप केबल (पेटीपासून घरापर्यंतची केबल) छपराछपरांवरून आत नेतात. ती पत्र्याच्या धारेवर घासते, पतंगाच्या मांजात अडकते, दोन उन्हाळ्यांत तिचं आवरण तडकतं. म्हणून अट अशी घाला: पहिली पेटी शेवटच्या गल्लीत, आणि कोणत्याही घराची ड्रॉप केबल 40 मीटरच्या वर नाही.

प्रकाशाचा हिशेबही सोपा आहे. वाटेत प्रकाश किती घटतो ते डीबीत मोजतात: 1:4 स्प्लिटरला सुमारे 7.2 डीबी, 1:8 ला 10.5, दीड किलोमीटर फायबरला अर्धा डीबी, चार कनेक्टरला मिळून 2, सहा जोडांना 0.6. बेरीज 20.8. ओएलटीतून 3 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) निघाला तर घरात उणे 17.8 पोचायला हवा. घरातलं यंत्र उणे 27 पर्यंत तग धरतं, तरी जोडणीच्या दिवशी उणे 23 पेक्षा कमी आला तर ते काम मंजूर करू नका. पॉवर मीटर लावून प्रत्येक घराचा आकडा वहीत लिहायला लावा. सहा महिन्यांनी घरातल्या यंत्रावर लाल दिवा लागला की या वहीतूनच कळतं की बिघाड एका घराचा आहे की अख्ख्या पेटीचा.

पेटी उघडून बघायची सवय एखाद्या पोराला लावा. आत हिरवे कनेक्टर असतात, त्यांचं टोक तिरकं घासलेलं असतं. निळा कनेक्टर सरळ असतो. घाईत कुणी हिरव्यात निळा खुपसला की प्रकाश अडतो आणि घर आठवडाभर ‘कधी चालतं, कधी बंद’ असं राहतं. टोकाला बोट लागलं किंवा धुळीचा कण बसला तरी एक-दोन डीबी जातात. वैशाखात गल्लीत उडणारा फुफाटा अर्धवट लावलेल्या झाकणातून आत जातो, म्हणून झाकणाचं रबर आणि केबल आत येण्याच्या भोकावरचं बूच जागेवर आहे ना, एवढं बघितलं तरी निम्म्या तक्रारी कमी होतात. घरात केबल भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबून खिळा मारतात. जी.657ए2 जातीची केबल साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळण सहन करते, साधी तेवढं सहन करत नाही. केबलवर छापलेलं वाचून घ्या.

खांबांचा प्रश्न महावितरणशी आहे. लेखी परवानगीशिवाय विजेच्या खांबाला हात लावू नका आणि लावू देऊ नका. परवानगी मिळाली तरी केबल धातूविरहित असावी. आत पोलादी तार असलेली स्वस्त केबल लो टेन्शन तारेला टेकली की करंट थेट घरापर्यंत येतो. रस्ता ओलांडताना उंची साडेपाच-सहा मीटर ठेवा. गणपतीची मिरवणूक, कानबाईचं विसर्जन, केळीने भरलेला ट्रक, या सगळ्यांना खालून जायचं असतं. खोदाई करायची झाली तर मार्गाधिकाराचे, म्हणजे केबलसाठी जागा वापरू देण्याचे, 2024 चे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत. त्याखाली महापालिकेकडे अर्ज कंपनीने करायचा असतो, गटाने नव्हे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पुरलेल्या पाइपाचे जोड उघडतात. नाल्याकाठी तर पाइपात पाणी भरतंच. तिथे वरून केबल नेणं चांगलं.

लाईट आणि ऊन हे दोन विषय खानदेशात वेगळे करता येत नाहीत. घरगुती राउटरच्या कागदावर बहुधा 40 अंश ही कमाल मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 ला सहज जातो, आणि पत्र्याखाली, छपराच्या उंचीवर, त्याहून जास्त असतं. लोक राउटर उंच लावतात, पत्र्याला टेकून. तो दुपारी तापून बंद पडतो आणि तक्रार ‘नेट गेलं’ अशी येते. छातीच्या उंचीवर, चुलीपासून दूर, आतल्या भिंतीला लावा. दोन खोल्यांच्या मध्ये पत्रा असेल तर दाराच्या रेषेत लावा. 12 व्होल्टचा छोटा यूपीएस, ज्यात 8800 एमएएचची (3.7 व्होल्टवर मोजलेली) लिथियम बॅटरी असते, त्यात सुमारे 32 वॉट-तास मावतात. 10 वॉटचं यंत्र त्यावर अडीच तास चालतं. सगळ्यांना तो परवडणार नाही. तेव्हा ज्या घरांत परीक्षेची मुलं आहेत किंवा घरून काम करणारं कुणी आहे, तिथे आधी द्या.

ओएलटी जिथे बसेल ती खोली जास्त महत्त्वाची. ओएलटी आणि स्विच मिळून 80 वॉट धरा. 12 व्होल्ट 100 एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीतून, 70 टक्केच वापरून आणि इन्व्हर्टरची घट वजा करून, 700 वॉट-तासांच्या आसपास मिळतात. म्हणजे जवळपास नऊ तास. पण लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलीत तर चार वर्षांची बॅटरी दीड वर्षात बदलावी लागेल. तळमजला, स्लॅबखाली, हवा खेळती, अशीच जागा द्या. अर्थिंगकडेही बघा: काळी माती वाळली की सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं, नेमकं वळवाच्या विजा कडाडतात त्या दिवसांत. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकणं हे कुणाचं तरी नेमलेलं काम असू द्या.

क्षमतेचं थोडक्यात सांगतो. 220 पैकी 132 घरांनी कनेक्शन घेतलं आणि रात्रीच्या गर्दीत घरटी सरासरी अडीच एमबीपीएस धरला, तर 330 एमबीपीएस होतात. करारात या वस्तीसाठी 500 लिहून घ्या. आखाजीला लेकी माहेरी येतात, पोरांना सुट्ट्या असतात, तेव्हा हा आकडा भरतो. फायबर यायला वेळ असेल तर मध्यंतरी दोन गच्च्यांमध्ये 5.8 गिगाहर्ट्झचा रेडिओ लिंक चालतो. एक किलोमीटरच्या लिंकला मध्यावर दृष्टिरेषेच्या भोवती किमान सव्वादोन मीटर मोकळं हवं. उन्हाळ्यात विरळ दिसणारा कडुनिंब श्रावणात ओल्या पानांनी तीच रेषा बुजवतो, तेव्हा जागा ठरवताना झाडाची पावसाळ्यातली वाढ धरा.

आता पैशाचं, आणि इथे थांबून विचार करा, कारण केबल दारात येऊनही घर बाहेर राहतं ते इथे. 400 रुपयांचा प्लॅन 18 टक्के जीएसटीसह 472 होतो. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च मासिक दरडोई उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत असावा असं लक्ष्य ठेवलं होतं. तीच पट्टी घराला लावली तर 12,000 रुपये कमावणाऱ्या कुटुंबाला 240 बसतात. पण महिन्याच्या दरापेक्षाही जास्त अडतं ते सुरुवातीच्या रकमेवर: जोडणीचे पैसे, यंत्राची अनामत आणि ‘सहा महिने एकदम भरा, मग स्वस्त’ ही स्कीम. रोजंदारीवरच्या माणसाकडे एकदम तीन हजार नसतात, म्हणून तो तीच सेवा महाग घेतो किंवा घेतच नाही. बचत गटाचा फिरता निधी इथे कामाला येतो. गटाने कंपनीकडून सहा महिन्यांचा दर घ्यावा आणि सभासदाकडून आठवड्याच्या बैठकीत हप्ता घ्यावा. थकलं तर थेट तोडू नका. आधी वेग 2 एमबीपीएसवर आणा, तीस दिवस द्या, मग बंद. भाडेकरूंसाठी यंत्र गटाच्या नावावर ठेवा, म्हणजे घर बदललं तरी अनामत बुडत नाही आणि केबल पुढच्या भाडेकरूला तयार मिळते. कनेक्शन आणि केवायसी मात्र वापरणाऱ्याच्याच नावावर.

निधी मागताना एक भेद लक्षात ठेवा. खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, मासिक बिलासाठी नाही. खांब, पेट्या, बॅटरी, अभ्यासिकेतले संगणक त्यात मागता येतात. दरमहाचं बिल कोण भरणार हे ठरल्याशिवाय कशाचंही उद्घाटन करू नका.

चौकातल्या वायफायची योग्य जागा आता सांगता येईल. ज्यांना महिनाभराचं कनेक्शन झेपत नाही, बाहेरगावाहून कामाला आलेले आहेत, चार दिवस लागतं, अशांसाठी ते ठेवा, आणि पीएम-वाणी योजनेतून चालवा. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत दुकानदार किंवा गट सार्वजनिक डेटा कार्यालय, म्हणजे वायफाय देणारं छोटं केंद्र, चालवू शकतो. त्याला परवाना, नोंदणी, फी काही लागत नाही. नोंदणीकृत ॲग्रिगेटरशी, म्हणजे अशी अनेक केंद्रं एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यावं लागतं, पाच-दहा रुपयांची कुपनं विकता येतात. जून 2025 च्या ट्रायच्या आदेशानुसार 200 एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन अशा केंद्राला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येत नाही. कंपनीच्या माणसाने व्यापारी दर सांगितला तर हा आदेश दाखवा. एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारं यंत्र) अभ्यासिकेच्या आत, एक अंगणवाडीच्या ओट्यावर. प्रत्येकी 30-40 जण एकावेळी, त्याहून जास्त नको. तिथपर्यंतची केबल शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची काळी कॅट-6, आणि 100 मीटरच्या आत. यंत्राला वीजही याच केबलमधून जाते, आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वीज वाहताना गरम होते, शेवटाला व्होल्टेज पडतं आणि यंत्र दर तासाला आपोआप रीस्टार्ट होतं.

या वायफायच्या लॉगिनला ओटीपी लागतो, आणि घरातला एकच फोन नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असतो. म्हणून अभ्यासिकेत दुपारी दोन तास बायकांसाठी ठेवा, मदतीला बाईच असू द्या, अहिराणी बोलणारी, आणि वस्तीत पावरा-भिल्ल कुटुंबं असतील तर त्यांची भाषा जाणणारी कुणीतरी. संगणकाचा पडदा दाराकडून दिसणार नाही असा लावा. रेशनची ई-केवायसी, शिष्यवृत्ती, सीईटीचे फॉर्म, सगळं इथेच होईल. आधारच्या प्रती आणि ओटीपी कुणीही वहीत लिहून ठेवायचे नाहीत, हा नियम भिंतीवर लावा.

दुरुस्तीसाठी वस्तीतच सामान असावं: दोन जादा मोडेम, पाच 12 व्होल्टचे अडॅप्टर, वीस फास्ट कनेक्टर, शंभर मीटर ड्रॉप केबल, क्लीव्हर (फायबर सरळ कापायचं हत्यार) आणि केबल कुठे तुटली ते दाखवणारा लाल उजेडाचा पेन. अडॅप्टर सगळ्यात आधी जळतात, व्होल्टेज वरखाली झालं की एका रात्रीत तीन-तीन. वस्तीतल्या दोघा-तिघांना, त्यात एक तरी मुलगी, कनेक्टर बनवायला शिकवा. कंपनीने दर दुरुस्तीचे त्यांना पैसे द्यावेत हे करारात घाला. फुकटच्या सेवेवर ठेवलेली व्यवस्था पहिल्या पावसाळ्यानंतर टिकत नाही.

दर तीन महिन्यांनी चार आकडे काढा, गल्लीनिहाय: रात्री नऊचा वेग, तक्रार मिटायला लागलेले तास, पैशाअभावी बंद पडलेली घरं, आणि अभ्यासिकेत आलेल्या बायकांची संख्या. वस्तीची सरासरी काढू नका. शेवटच्या गल्लीचा आकडा पहिल्या गल्लीच्या शेजारी लिहा. फरक दिसला तर तो नेटवाल्यासमोर ठेवा.

आणि करारावर सही करण्याआधी एक कलम तपासा: भागीदार बदलला किंवा कंपनीने काम सोडलं तर गल्लीतल्या पेट्या आणि ड्रॉप केबल कुणाच्या? निधीतून आलेल्या असतील तर त्या महापालिकेच्या किंवा गटाच्या मालकीच्या राहतील आणि नव्या परवानाधारकाला त्याच वापरू दिल्या जातील, असं स्पष्ट लिहून घ्या. सोबत पेट्यांचा नकाशा आणि घरनिहाय प्रकाशाच्या आकड्यांची वही, या दोन्हींची एक प्रत गटाकडे राहील, हेही त्याच कलमात येऊ द्या.